दीड गुंज सोनं आणि कालचा पेपर

संगणकावर एक चित्र मोठं करून बघत बसले होते. आई चहा घेऊन आली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि म्हणाली, "हे काय गं? भिंतीचे पोपडे?" चित्र आहे, वर सोन्याचा वर्ख लावलाय, असं सांगितल्यावर लगेच दुसरा प्रश्न आला, "खरं सोनं?" हो म्हटलं. मग तिसरा, "मग असं चुरगाळून का लावलंय मेल्यानं?"

अमूर्त चित्राबद्दल लिहायला बसलं की 'अवकाश', 'संवेदन', 'आंतरिक लय' असले शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहतात आणि वाचणारा मागच्या दाराने निघून जातो. त्यापेक्षा आईचे तीन प्रश्न बरे. त्यांच्याच मागे जाऊ.

चित्र रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराचं, साल १९५३. तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या सुमारास त्याने अशी काही सोनेरी चित्रं केली. 'गोल्ड पेंटिंग्ज' या नावाने ती ओळखली जातात आणि त्यांतलं एक न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. आकाराने शाळेच्या मोठ्या पाटीएवढं. साहित्याची यादी वाचली की माळा आवरायला चढल्यासारखं वाटतं: कापड, वर्तमानपत्र, कागद, लाकूड, गोंद, रंग, खिळे, आणि त्यावर सोन्या-चांदीचा वर्ख. भोवती लाकडी चौकट, वर काच.

यात काय काढलंय? काहीच नाही. झाड नाही, चेहरा नाही, देव नाही. आईला पोपडे दिसले हे अगदी बरोबर होतं, कारण पोपडा म्हणजे खालचा थर वरच्या थरातून डोकावणं, आणि इथेही तेच चाललंय.

हा प्रकार म्हणजे कोलाज. शब्द फ्रेंच, 'चिकटवणे' या क्रियापदावरून आलेला. आपण तो शाळेत चिकटचित्र म्हणून केलेला असतो. कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागद कातरायचा, हिरव्याचं झाड, लाल रंगाचं कौलारू घर. आमच्या बाई एकाच गोष्टीवरून रागवायच्या: तुकडा नीट कापा, खालची पांढरी कड दिसता कामा नये. कारण कड दिसली की झाड राहत नाही, कागद राहतो. बाईंचं म्हणणं झाडापुरतं खरंच होतं. पण गेल्या शतकात काही चित्रकारांना नेमकं तेच हवं झालं. झाड जाऊ दे, कागद दिसू दे.

हे एका दिवसात झालं नाही. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणकामाची छपाई असलेला मेणकापडाचा तुकडा चित्रात चिकटवला आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राकने लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद चित्रात आणला. गंमत अशी, की मेणकापड तिथे खुर्चीचं काम करत होतं आणि कागद लाकडाचं. म्हणजे तुकडे परके असले तरी नोकरीला होते. त्यांना त्या नोकरीतून मोकळं केलं की ते अमूर्त कोलाज होतं. मग ट्रामचं तिकीट कशाचंही सोंग घेत नाही. तिकीट म्हणूनच बसतं, आपला रंग, आपला आकार आणि आपला मळ घेऊन.

तिकिटांचा विषय निघाला की कुर्ट श्विटर्सला टाळता येत नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा हा माणूस पहिल्या महायुद्धानंतर रस्त्यावरचं उचलून चिकटवायचा: तिकिटं, वेष्टनं, चिंध्या, पाकिटांचे तुकडे. एका बँकेच्या जाहिरातीतला 'कॉमर्झ' हा शब्द कापताना 'मर्झ' एवढंच उरलं, आणि त्याने आपल्या सगळ्या कामाला तेच नाव देऊन टाकलं. नाझींच्या काळात देश सुटला, नॉर्वे झालं, इंग्लंड झालं, आणि तिथेच जानेवारी १९४८ मध्ये तो गेला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कला त्याच्या कोलाजांचं प्रदर्शन लागलं होतं. ते बघायला ॲन रायन नावाची एक बाई आपल्या मुलीला घेऊन गेली. वय अठ्ठावन्न. कविता लिहिलेल्या, नवऱ्यापासून वेगळी झालेली, तीन मुलांची आई, चित्रकला पन्नाशीच्या उंबरठ्यावर हातात घेतलेली, लाकडी ठशांचं छापकाम शिकलेली. मुलीने पुढे सांगितलेली आठवण अशी, की आई एका चित्राकडून दुसऱ्याकडे हरखून जात होती, आणि घरी आल्यावर रात्रीच्या जेवणासाठी चुलीवर पाणी ठेवण्याआधी ती टेबलाशी बसून चिकटवायलाही लागली होती. त्यानंतर तिला आयुष्याची सहा वर्षं मिळाली. त्यात तिने सुमारे चारशे कोलाज केले.

मला रायन फार आवडते आणि तिचं नाव कमी घेतलं जातं याचा रागही येतो. त्या काळात न्यूयॉर्कमधले तिचे समकालीन भिंतीएवढे कॅनव्हास जमिनीवर पसरून रंग फेकत होते. हिचं चित्र बऱ्याचदा तळहातापेक्षा थोडं मोठं. डग्लस हॉवेल या कारागिराने लिननच्या चिंध्यांपासून हाताने बनवलेला कागद ती वापरायची, आणि त्याच्या शेजारी जुनं, विटलेलं, विरलेलं कापड. कापडाला उभा आणि आडवा धागा असतो, उरेब, म्हणजे तिरकं, कापलं की ते ताणलं जातं, कड मोकळी सोडली की दशा सुटतात. शिवणकाम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. रायनची चित्रं याच ज्ञानावर उभी आहेत. तिच्या चित्रात एखादा कापडाचा चौकोन किंचित तिरका बसलेला असतो आणि त्याच्या दोन दशा शेजारच्या कागदावर आलेल्या असतात. त्या दोन धाग्यांनी जे होतं ते रेघ ओढून होत नाही.

अमूर्त कोलाज कसं बघायचं, असं कुणी विचारलं तर मी म्हणते, आधी कडा बघा. इथे थोडं थांबते, कारण हे वाचून कळत नाही, करून कळतं. कालचा पेपर घ्या आणि वरून खाली, मजकुराच्या स्तंभाच्या दिशेने फाडा. बऱ्यापैकी सरळ फाटेल. आता तोच कागद डावीकडून उजवीकडे फाडा. वेडावाकडा, नागमोडी जाईल, हातचं सोडून पळेल. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू एका दिशेने लोळतात आणि पेपर छापताना ती दिशा उभी येते, म्हणून हे होतं. म्हणजे फाटलेली कड बघून कागद कुठल्या दिशेने ओढला गेला ते सांगता येतं. कात्रीची कड काहीच बोलत नाही. तिथे माणसाने ठरवलं आणि कापलं, एवढंच. फाटलेल्या कडेत माणूस आणि कागद यांची थोडी ओढाताण असते. कापडाच्या दशांमध्ये माणूस जवळजवळ नसतोच, कापड आपलं आपण सुटत असतं. चांगला कोलाजकार या तीन कडा सुरांसारख्या वापरतो. सगळीकडे कात्री चालवली की चित्र निमंत्रणपत्रिकेसारखं दिसतं, सगळीकडे फाडलं की केराच्या टोपलीसारखं.

आता दुसरा प्रश्न. सोनं खरं का?

खरं. पण किती, हे ऐकण्यासारखं आहे. सोन्याइतकं कुटून पसरणारं दुसरं काही नाही. वर्ख कुटत कुटत मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका पातळ होतो. उजेडासमोर धरला तर त्यातून प्रकाश आरपार येतो, आणि तो पिवळा नसून हिरवट असतो, कारण पिवळा-तांबडा उजेड सोनं परतवून लावतं. हिशोब मांडला तर फूटभर लांब, फूटभर रुंद जागा एका थराने झाकायला पाव ग्रॅमही सोनं लागत नाही. जुन्या मापात सांगायचं तर दीड गुंज. हे आईला सांगितलं तेव्हा ती हसलीच. "दीड गुंज? कानातल्याच्या फिरकीतही जास्त जातं." थर दुहेरी-तिहेरी धरा, चांदीही धरा, तरी त्या चित्रातलं सोनं म्हणजे सोनाराच्या दुकानात झाडून गोळा करतात तेवढंच.

वर्ख हाताळायचा कसा, हाही एक ताप. चिमटीत धरता येत नाही, धरला की बोटाला लागून संपतो. जुने कारागीर रुंद, विरळ केसांचा ब्रश गालावरून फिरवतात, त्याला लागलेल्या किंचित तेलकटपणावर वर्ख अलगद उचलला जातो. गोंद ओला असताना वर्ख टाकायचा नाही, सुकल्यावरही नाही. बोट लावलं तर किंचित ओढ जाणवावी पण बोटाला काही येऊ नये, त्या घडीला टाकायचा. आणि पंखा बंद. मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा पंखा बंद केला होता, दार मात्र उघडं होतं. एक पान हवेत उठलं, गोल फिरलं आणि माझ्या कोपरावर बसलं. तिथे ते फार सुंदर चिकटलं.

पारंपरिक कामात वर्खाखालची जमीन आरशासारखी गुळगुळीत करतात. इटलीतल्या मध्ययुगीन धार्मिक पटांमध्ये लाकडावर जिप्समचा लेप, त्यावर तांबडी माती, मग वर्ख, मग घोटून घोटून चमक. आपल्या जवळचं उदाहरण तंजावरचं. भोसल्यांच्या राज्यात तिथे बहरलेल्या चित्रशैलीत लाकडी फळीवर कापड चिकटवतात, खडूची भुकटी आणि चिकटीचा लेप चढवतात, दागिने-महिरपी उठावाच्या करतात आणि त्यावर वर्ख लावतात. म्हणजे साहित्य बघाल तर तंजावरच्या कृष्णात आणि राउशेनबर्गच्या पोपड्यात फार अंतर नाही. दोन्हीकडे लाकूड, कापड, चिकट, सोनं. फरक एवढाच, की तंजावरला कापड पोटात जातं आणि सोनं अंगावर येतं. बघणाऱ्याला खालचं कापड कळूच नये असा सगळा बेत असतो.

राउशेनबर्गने तो बेत रद्द केला. वर्तमानपत्र चुरगळलेलं, कापडाला सुरकुत्या, गोंदाचे गोळे, आणि त्यावर थेट वर्ख. आता वर्ख इतका पातळ, की तो काही लपवू शकत नाही. खाली विणलेलं कापड असेल तर सोन्यातून वीण दिसते. खाली घडी असेल तर सोन्याला घडी पडते. गुळगुळीत पाटावर सोनं एकसारखं उजळतं. इथे प्रत्येक सुरकुतीचा एक उतार चमकतो आणि दुसरा काळा पडतो. तुम्ही दोन पावलं सरकलात की चमकणारे उतार बदलतात. म्हणून फोटोत ही चित्रं हमखास फसतात, मोहरीसारख्या पिवळ्या डागांसारखी दिसतात. सोनं हा रंग नाही, तो समोरच्या खिडकीचा उजेड आहे, आणि कॅमेरा त्यातला एकच क्षण पकडतो.

आणि मग तिसरा प्रश्न, असं का केलं?

थोडं मागे जायला हवं. १९५२च्या शरद ऋतूत राउशेनबर्ग साय ट्वॉम्बली या चित्रकार मित्राबरोबर इटलीला आणि तिथून उत्तर आफ्रिकेला गेला. पुढच्या वर्षी रोममध्ये तो आल्बर्टो बुर्रीच्या कामाच्या जागी जाऊन आला. बुर्री मूळचा डॉक्टर. युद्धात ट्युनिशियात पकडला गेला, टेक्सासमधल्या कैद्यांच्या छावणीत त्याची रवानगी झाली, आणि तिथे तो गोणपाटावर चित्रं काढायला लागला. सुटल्यावर डॉक्टरकी सोडली, गोणपाट धरून ठेवलं. फाटकी, ठिगळं लावलेली, जाड दोऱ्याने टाचलेली पोती हेच त्याचं चित्र झालं. ठिगळाला जखमेचे टाके म्हणायचा मोह बऱ्याच समीक्षकांना होतो. बुर्रीला स्वतःला असले अर्थ लावलेले फारसे आवडत नसत. १९५३ मध्ये त्यानेही पोत्यावर सोनं लावलेलं आहे.

बुर्रीकडून राउशेनबर्गने काय उचललं आणि काय आधीच त्याच्या डोक्यात होतं, यावर वाद घालणारे घालोत. वर्तमानपत्र चिकटवून त्यावर काळा रंग दिलेली चित्रं तो इटलीला जाण्याआधीपासून करत होता. न्यूयॉर्कला परतल्यावर मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसते. एकीकडे तो सोन्याची चित्रं करतो, आणि त्याच काळात मातीची. खरीखुरी माती लाकडी पेटीत थापून भिंतीवर टांगलेली, त्यातल्या एकीवर बुरशी आलेली. मातीचं चित्र आणि सोन्याचं चित्र, दोन्हींना सारखीच वागणूक. माती हलकी नाही, सोनं भारी नाही. दोन्ही फक्त सामान. बघणाऱ्याची नजर सामानावर जाते की किमतीवर, हे त्याला बघायचं होतं.

आणि नजर कुठे जाते? आईच्या दुसऱ्या प्रश्नावर. माझीही तिथेच गेली होती, मी फक्त मोठ्याने विचारलं नव्हतं. मातीचं चित्र बघून 'खरी माती का?' असं कुणी विचारत नाही. दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून कुणाच्याही हातावर ठेवतो, आणि घेणाराही 'खरं का' म्हणत नाही, वाकून नमस्कार करतो. तिथे पानाला सोन्याचा मान मिळतो. राउशेनबर्गच्या चित्रात उलट, सोन्याला पानाच्या रांगेत बसवलंय. त्याचा मान काढून घेतल्यावर उरतं काय, तर एक अतिशय पातळ, सुरकुतणारी, उजेड परतवणारी वस्तू. ती वर्तमानपत्राशेजारी शोभते का? मला विचाराल तर शोभते. गुळगुळीत सोन्यापेक्षा जास्त. पण आईला नाही पटलं, आणि तिचं न पटणं मला चुकीचं वाटत नाही. घरातलं सोनं मोडून फी भरलेल्या माणसाला सोनं हे नुसतं सामान कधीच वाटणार नाही.

'बेगडी' हा शब्द आपण रोज वापरतो, पण बेगड विसरलोय. बेगड म्हणजे चकाकता पातळ पत्रा, मखराला, ताबुताला, बाशिंगाला लावायचा. पाश्चात्त्य चित्रसाहित्यातही त्याचा भाऊबंद आहे, तांबं-जस्ताचा नकली वर्ख. पहिल्या दिवशी अस्सल आणि नकली यातला फरक ओळखणं अवघड जातं. पण तांबं हवेने काळवंडतं, कडेने हिरवट होतं. शुद्ध सोनं तसंच राहतं. कोलाजमध्ये हा काळाचा भाग फार महत्त्वाचा, कारण प्रत्येक तुकड्याचं म्हातारपण वेगळं. लिननच्या चिंध्यांचा कागद शतकं काढतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं, मग तपकिरी, मग कडेने चुरा. कापड सैल पडतं आणि गोंद मात्र आणखी कडक होतो, म्हणून मधेच भेग जाते. १९५३चं चित्र आज बघताना हे लक्षात ठेवावं लागतं: चित्रकाराने जो कागद लावला तो करडा-पांढरा होता. तो आज सोन्याच्या रंगाच्या बराच जवळ आलाय. सोनं जागचं हललेलं नाही.

राउशेनबर्गचा आपल्याकडचा धागा पुढे, १९७५ मध्ये, जुळतो. तो अहमदाबादला आला आणि गांधीजींच्या आश्रमाच्या कागदकारखान्यातल्या कारागिरांबरोबर काम करत राहिला. हातकागदाचा ओला लगदा, त्यात बांबू, कापडाचे तुकडे. शिवाय एक चिखलासारखं मिश्रण त्याने तिथे वापरलं, त्यात कागदाच्या लगद्याबरोबर मेथीची पूड आणि चिंचोक्याची पूड होती. चिंचोक्याची खळ म्हणजे आपल्या घोंगडीच्या लोकरीला देतात तीच. हे वाचलं तेव्हा मला उगाचच त्याच्याशी ओळख निघाल्यासारखं वाटलं.

माझा स्वतःचा प्रयोग स्वयंपाकघरात टांगलेला आहे. जाड पुठ्ठा, मैद्याची खळ, पेपरचा एक उभा फाडलेला पट्टा नि एक आडवा, आईच्या जुन्या खणाच्या चोळीचा तुकडा दशांसकट. खणाच्या काठाजवळ अस्सल वर्खाचं एक पान, बाकी सगळा नकली. वर काच नाही, त्यामुळे फोडणीची वाफ थेट लागते. वर्षभरात नकली भाग चॉकलेटी झाला आणि एका कोपऱ्यात पितळेच्या भांड्यावरच्या कळकासारखा हिरवा. पेपर चहाच्या रंगाचा झालाय.

परवा आई त्याच्यासमोर उभी राहिली. "यातलं खरं कुठलं?" मी काठाजवळचा तुकडा दाखवला. तिने सवयीने पदराच्या टोकाने तिथली धूळ पुसली, आणि घोटलेला नसल्यामुळे वर्ख निम्मा पदरावर आला. दोघी बघतच राहिलो.

"गेलं किती?"

"अख्खं पान गुंजेच्या दहाव्या हिश्शाएवढं. त्यातलं निम्मं."

"मग राहू दे पदरावर," म्हणाली, आणि कुकरची शिट्टी मोजायला वळली.